नसण्यावरून जुळलेली नाती

गोंदिया जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या निवांत पाण्यावर राखाडी भुकटी तरंगताना दिसली, तर जवळ बोट नेऊन बघावं. भुकटी टुणटुण उडाली, तर ते स्प्रिंगटेल. बहुतेक जाती मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या. पोटाखाली दुमडलेली दुबेळकी शेपटी एका आकड्यात अडकवलेली असते. आकडा सुटला की शेपटी खाली आपटते आणि प्राणी हवेत. नागझिरा-नवेगावच्या जंगलात पावसाळी पालापाचोळा कुजवण्याच्या कामात बुरशी खाणाऱ्या या मंडळींचा मोठा हात असतो.

यांचे सोयरे कोण, या प्रश्नाने अडीचशे वर्षं शास्त्रज्ञांना फिरवलं. लिनियसने १७५८ साली त्यांना ‘पोड्यूरा’ प्रजातीत घातलं आणि तिची रवानगी ‘अ‍ॅप्टेरा’ या बिनपंखी गणात केली. तिथे शेजार कुणाचा? उवा, पिसवा, कोळी, विंचू, गोमी, अगदी खेकडेसुद्धा. पंख नाहीत एवढ्यावरच गोतावळा जमला! पिसवेच्या पूर्वजांना पंख होते, ते पुढे गळाले. स्प्रिंगटेलच्या घराण्यात पंख कधी आलेच नाहीत. लात्रेय यांनी नंतर त्यांना कसरीसोबत बसवलं, तेही फारसं जमलं नाही.

खरी फोड केली जॉन लबक यांनी. डार्विनचे शेजारी, पेशाने बँकर, शिवाय खासदार. १८७० साली त्यांनी कसरीला वेगळं काढून स्प्रिंगटेलचा ‘कोलेम्बोला’ हा स्वतंत्र गट केला. १८७३ साली दोन्हींवरचा मोठा ग्रंथ आला. त्यांनी उडवणाऱ्या शेपटीपेक्षा पोटाच्या पहिल्या वलयाखालच्या बुटक्या नळीला मान दिला. या नळीने प्राणी पाणी शोषतो, गुळगुळीत जागी चिकटतोही. लबक यांची नजर इथेच मोठी वाटते, कारण शेपटी भरवशाची नाही. मातीत खोल राहणाऱ्या अनेक जातींत ती आखूड झाली, काहींत नाहीशीच. उडायला जागाच नसेल तर ती बाळगायची कशाला? अशी झीज वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळी झाली. तिच्यावरून नातं जोडणं म्हणजे लिनियसचीच चूक पुन्हा करणं. नळी मात्र बिनशेपटीवाल्यांतही टिकून आहे.

ब्योर्नर यांनी १९०१ साली लांबट आणि गोलमटोल असे दोन भाग पाडले. गोलाईही फसवी निघाली. काहींचा गोळा मुख्यतः पोटाचा असतो, तर काही अतिबारक्या, आंधळ्या जातींत त्यात छातीचा वाटा मोठा असतो. मसूद यांनी १९७१ साली या आंधळ्यांना वेगळी चूल दिली. लांबट गटही पुढे दुभंगला: छातीच्या पहिल्या वलयाच्या पाठीवर केस असलेले एकीकडे, ते वलय खुरटलेले दुसरीकडे. अंगावरचा कोणता केस नेमका कुठे आहे, याचे नकाशे काढण्याचं चिकाटीचं शास्त्र विसाव्या शतकात रुजलं.

भारताचा धागा दोन ठिकाणी लागतो. अलाहाबादेत जीवशास्त्र शिकवलेल्या इम्स यांनी १९१२ साली भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनमधल्या जातींवर निबंध लिहिला. १९२६ साली ब्रिटिश म्युझियममधले समरेंद्र मौलिक आणि हर्स्ट यांनी स्कॉटलंडच्या राइनी गावच्या दगडातल्या ‘राइनिएला’चं वर्णन केलं. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा हा जीव पुढे स्प्रिंगटेल ठरला.

तरी मूळ वाद शिल्लक होताच. जबडे डोक्याच्या आत दडलेले, पोटाला सहाच वलयं; मग हे कीटक म्हणायचे का? २००३ साली मायटोकाँड्रियातल्या डीएनएवरून तर सहा पायांचं हे घराणं कीटकांपासून अलगच उगवलं असावं, असा दावा झाला. २०१४ साली १,४७८ जनुकं तपासणाऱ्या अभ्यासात सगळे सहा पायांचे पुन्हा एका कुळात आले. स्प्रिंगटेल कीटकांचे भाऊबंद, पण चुलत घरचे.

जात ओळखायला मात्र सूक्ष्मदर्शकच लागतो. नागझिऱ्यातला पालापाचोळा परवानगी काढून आणायचा (वाघाच्या राज्यात पाचोळाही फुकट उचलता येत नाही), जाळीच्या नरसाळ्यात ठेवायचा, वर बल्ब लावायचा. कोरडेपणा टाळत प्राणी खाली सरकतात आणि अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. मग काचपट्टीवर एकेकाला आडवं करून डोळे, नख्या आणि वलयावरचे केस मोजायला बसायचं.