कर्णपुऱ्याचं सीमोल्लंघन

दौलताबादच्या किल्ल्याकडून येणारा रस्ता पडेगाव ओलांडून छावणीत शिरतो. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसले, की या रस्त्यावर पहाटेच्या अंधारातच माणसं दिसू लागतात. त्यांत बायका जास्त, आणि बऱ्याच जणी अनवाणी. मिटमिटा, पडेगाव, शरणापूर भागातले भाविक या बाजूने येतात. सिडको-हडको आणि गारखेड्याची मंडळी अख्खं शहर पायाखाली घालून पोहोचतात. सगळ्यांना जायचं असतं ते कर्णपुऱ्याच्या देवीला. छत्रपती संभाजीनगरची ही सर्वांत मोठी नवरात्र यात्रा. दसऱ्याला इथूनच बालाजीचा रथ निघतो.

कर्णपुऱ्यातला कर्ण महाभारतातला नव्हे. हे गाव बिकानेरच्या राजा कर्णसिंहाच्या नावाचं आहे. १६३१ मध्ये तो गादीवर आला. मोगलांच्या चाकरीत दख्खनेत उतरला आणि शहाजहानच्या काळात दौलताबादची किल्लेदारीही त्याच्याकडे आली. पडेगावच्या वाटेने त्याच्या घोडदळाची ये-जा नक्कीच झाली असेल, कारण किल्ला आणि मोगलांचं सुभ्याचं शहर यांना जोडणारी वाट याच दिशेने जाते. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसवलेल्या खडकीचं तोवर औरंगाबाद झालं होतं. त्या शहराच्या तटाबाहेर, पश्चिमेला, राजपुतांनी आपली वस्ती केली. राजाच्या नावाने कर्णपुरा, आणि पद्मसिंह व केसरीसिंह या मुलांच्या नावाने पदमपुरा आणि केसरसिंगपुरा. ही तिन्ही नावं आजही शहरात रोज घेतली जातात, पण पदमपुऱ्याच्या अग्निशमन केंद्राचा पत्ता सांगताना बिकानेरची आठवण कुणाला होत नाही.

कर्णसिंहाची एक कथा बिकानेरकर अभिमानाने सांगतात. औरंगजेबाच्या स्वारीत राजपूत राजे अटकेपर्यंत गेले. सिंधू ओलांडली की आपल्याला बाटवलं जाईल, असा संशय त्यांच्यात पसरला. तेव्हा कर्णसिंहाने पुढे होऊन नावा फोडल्या आणि इतर राजांनी त्याला ‘जंगलधर बादशाह’ हा किताब दिला. इतिहासकार या कथेकडे दंतकथा म्हणून पाहोत, बिकानेरच्या राजचिन्हावर ‘जय जंगलधर बादशाह’ ही अक्षरं आहेत. अटकेपार झेंडे लावल्याचा अभिमान मराठी माणसाला आहे. इथे मात्र अटक न ओलांडल्याबद्दल मान मिळालेला राजा आहे, आणि त्याचं नाव मराठवाड्यातल्या सीमोल्लंघनाच्या जागेला मिळालं आहे.

तो राजा स्वतः मात्र घरी परतला नाही. बादशहाची मर्जी गेली, १६६७ मध्ये बिकानेरची गादी मुलाकडे, अनुपसिंहाकडे सोपवली गेली आणि १६६९ मध्ये कर्णसिंहाने औरंगाबादेतच देह ठेवला. पुढे अनुपसिंहही दख्खनेतच लढत राहिला. त्याने इथून बिकानेरला नेलेल्या संस्कृत पोथ्या तिथल्या प्रसिद्ध ग्रंथसंग्रहाचा पाया ठरल्या. युद्धाच्या धामधुमीतून वाचवलेल्या देवमूर्तीही त्याने बिकानेरच्या जुनागढ किल्ल्यात नेल्या.

कर्णपुऱ्याचं मंदिर कर्णसिंहानेच उभारलं, अशी इथली परंपरा. बिकानेरच्या राजघराण्याची भक्ती देशनोकच्या करणीमातेवर. इथे जिची ओटी भरली जाते ती तुळजाभवानी. वाळवंटातून आलेले सैनिक आणि बालाघाटच्या मुलखातले कुणबी एकाच देवीपुढे हात जोडू लागले, यात नवल काहीच नाही. दोघांनाही नवरात्र माहीत होतं आणि दोघांचाही दसरा शस्त्रांचा होता.

दसऱ्याचं हे लष्करी अंग आज आपट्याच्या पानांखाली झाकून गेलं आहे. पावसाळ्याचे चार महिने फौजा छावणीत अडकलेल्या असत. नद्या उतरल्या, वाटा वाळल्या, बाजरी-मूग घरात आले की मोहिमा निघत. मराठ्यांच्या स्वाऱ्या याच सुमाराला बाहेर पडायच्या, म्हणून मोगलांच्या औरंगाबादेला दसरा म्हणजे धोक्याची सूचनाच वाटत असणार. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी जालन्याची पेठ लुटली, तीही पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरात. जालना इथून साठेक किलोमीटरवर. म्हणजे शस्त्रपूजा करून निघालेले मराठे आणि तीच पूजा करून मोगलांच्या बाजूने उभे राहिलेले राजपूत, असे दोघेही एकाच सणाची माणसं होती.

मोगल गेले, निजाम आला आणि एकोणिसाव्या शतकात याच बाजूला इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी उभी राहिली. १८५७ च्या जूनमध्ये या छावणीतले घोडेस्वार बिथरले. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार, अशी बातमी त्यांच्या कानावर आली होती. निजामाच्या मुलखाबाहेर जाणं आपल्या चाकरीत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. जनरल वुडबर्नची फौज आली, खटले झाले, काहींना गोळ्या घातल्या गेल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं गेलं. क्रांती चौकाजवळचा काळा चबुतरा ही त्यांची आठवण. यात्रेला जाणाऱ्या गर्दीतला मोठा हिस्सा या चौकातून जातो. शाळेच्या पुस्तकात १८५७ म्हणजे मेरठ, कानपूर, झाशी. आपल्या शहरातले हे शिपाई त्या यादीत क्वचितच भेटतात, आणि ही उणीव भरून निघायला हवी.

एवढ्या सगळ्यात कर्णपुरा कागदोपत्री बिकानेरचाच राहिला होता. कंटिंजंट १९०३ मध्ये हिंदी फौजेत विलीन झाली. दुसऱ्याच वर्षी, १९०४ मध्ये, महाराजा गंगासिंहांच्या राज्याने दख्खनेतली ही गावं इंग्रज सरकारला दिली आणि बदल्यात हिसार जिल्ह्यातली दोन गावं घेतली. हजारेक किलोमीटर लांबच्या या गावांचा कारभार बिकानेरातून हाकण्यापेक्षा शेजारची दोन गावं बरी, हा हिशेब समजण्यासारखा आहे. राजस्थानच्या श्रीगंगानगर जिल्ह्यात, १९२७ मध्ये सुरू झालेल्या गंग कालव्याच्या मुलखात, आज श्रीकरणपूर, पदमपूर आणि केसरीसिंहपूर अशी तीन गावं आहेत. संभाजीनगरच्या माणसाने तिथल्या पाट्या वाचल्या तर त्याला क्षणभर घरीच आल्यासारखं वाटेल.

मालक बदलत गेले, तसा यात्रेला परवानगी देणारा हातही बदलला. १९४८ च्या १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि त्यानंतर जेमतेम पंधरवड्याने घट बसले. मराठवाड्याचं स्वातंत्र्यातलं ते पहिलं नवरात्र. आज यात्रेच्या मैदानावरच्या दुकानांच्या जागा छावणी परिषद ठरवते. शहर चारही बाजूंनी भरून गेलं असताना इथे एवढी मोकळी जमीन उरली, याचं मुख्य कारण लष्कराची हद्द हेच आहे. त्या मोकळ्या जागेवरच आकाशपाळणे चढतात, मौत का कुआँ घुमतो, बांगड्या, रेवड्या, प्रसादाचे नारळ आणि पितळी देव्हाऱ्यातल्या सामानाची दुकानं लागतात. फौजेच्या जागेनेच या यात्रेला जन्म दिला आणि फौजेच्या जागेनेच ती टिकवली.

दसऱ्याच्या दिवशी घटातले धान्याचे कोंब काढून पुरुष टोपीत, फेट्यात खोवतात, बायका केसांत माळतात. संध्याकाळी बालाजीचा रथ बाहेर पडतो. रथ ओढणाऱ्यांना आणि रस्त्याच्या कडेने हात जोडणाऱ्यांना बिकानेर ठाऊक असण्याची गरज नाही. पण ही मिरवणूक ज्या भूमीवरून निघते, तिने दिल्ली, हैदराबाद, बिकानेर, लंडन अशा चार दरबारांचे हुकूम पाहिले आहेत, हे शहराने आपल्या मुलांना सांगायला हवं. एवढा इतिहास दाखवणारा फलक मंदिराच्या वाटेवर लागला, तर रांगेत तासन्‌तास उभ्या असलेल्या भाविकांना तो वाचायला वेळही भरपूर असतो.

२०२० च्या नवरात्रात करोनामुळे राज्यातली मंदिरं बंद होती आणि मैदान रिकामं राहिलं. राज्य सरकारने ती पुन्हा उघडली २०२१ च्या ७ ऑक्टोबरला. त्या दिवशी घटस्थापना होती, आणि कर्णपुऱ्याकडे येणारे रस्ते पुन्हा अनवाणी पावलांचे झाले.