सहा महिन्यांची बातमी, वर्षाचा निकाल

पाव, साखर, बटाटा सोडा, वजन उतरेल, हे लंडनच्या विल्यम बँटिंगनं १८६३ सालीच छापलं होतं. गडी डॉक्टर नव्हे, धंदा अंत्यविधीचा! १९७२ ला अमेरिकेत डॉ. अ‍ॅटकिन्स यांचं पुस्तक धडाधड खपलं. जुलै २००२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवार मासिकानं गॅरी टॉब्स यांचा लेख मुखपृष्ठावर घेतला: चरबीची भीतीच खोटी तर नाही? मग काय, लोणी-मटण मोकळं!

मे २००३ ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ६३ लठ्ठ माणसांवरची चाचणी आली. सहा महिन्यांत कमी कर्बवाल्यांचं वजन जास्त घटलं. वर्षअखेर ठोस फरक उरला नाही. बरेच जण मधेच गळाले. मित्रांनो, आम्ही बातमीवाले सहा महिने उचलतो, वर्ष आतल्या पानावर. इन्सुलिन चालू असलेल्यानं मथळा वाचून भात-भाकरी सोडली, तर साखर एकदम उतरू शकते. आधी डॉक्टरांना विचारा.