रथमुसल आणि वज्जींची सभा

महापरिनिब्बान सुत्ताच्या आरंभीच मगधाचा महामात्य वस्सकार तथागतांकडे येतो. अजातशत्रूला वज्जींचा उच्छेद करावयाचा होता. उत्तरादाखल तथागतांनी सात अपरिहानीय धम्म सांगितले. वारंवार सभा भरविणे आणि एकत्र येऊन एकदिलाने कार्य करणे, हे त्यांतील पहिले दोन. वज्जींचा हा गणसंघ राजाविना आपले रक्षण कसा करीत होता आणि पुढे का करू शकला नाही, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

जातक अट्ठकथेत वैशालीच्या 7,707 राजांचा उल्लेख येतो. संख्या सांकेतिक असेल. परंतु सत्ता एका सिंहासनावर नसून अनेक कुलांत वाटलेली होती, हे तीवरून उमगते. संरक्षणही तसेच होते. भेरी वाजली की शस्त्रधारी लिच्छवी गोळा होत. संयुत्त निकायातील कलिंगर सुत्तात लिच्छवी लाकडाच्या ओंडक्याची उशी करून निजतात व धनुर्विद्येत दक्ष राहतात, म्हणून अजातशत्रूला संधी मिळत नाही, असे म्हटले आहे. धनुष्य हे घरोघरी बाळगता येणारे शस्त्र होते. त्यासाठी राजकोशाची गरज नव्हती.

या समतोलास धक्का देणारी दोन नावे जैन आगमांतील भगवती सूत्रात येतात : महाशिलाकंटक आणि रथमुसल. पहिले पाषाण फेकणारे यंत्र असावे, असे विद्वान मानतात. दुसरा म्हणजे घोडे व सारथी यांवाचून मुसळाने संहार करीत फिरणारा रथ. ही अस्त्रे इंद्राच्या साहाय्याने लाभली ही कथा, किंवा 84 लाख व 96 लाख मृतांचे आकडे, आम्ही इतिहास म्हणून स्वीकारीत नाही. तथापि अशा यंत्रांना कारागीर, कोश आणि बारमाही सैन्य लागते, हे उघड आहे. पुढे कौटिलीय अर्थशास्त्रात यंत्रे आयुधागाराच्या अध्यक्षाकडे सोपविलेली दिसतात. शस्त्र महाग झाले की ते घरातून राजाच्या कोठारात जाते आणि गणाचे बळ उणे होते.

मग वैशाली केवळ यंत्रांनीच जिंकली काय? बौद्ध परंपरा तसे म्हणत नाही. वज्जी युद्धाने नव्हे, तर उपलापन व मिथुभेद, म्हणजे प्रलोभन व परस्परांतील फूट, यांनीच जिंकले जातील, असे स्वतः वस्सकारच म्हणतो. बुद्धघोषांच्या अट्ठकथेनुसार त्याने वैशालीत राहून 3 वर्षांत ही फूट पाडली. अखेर भेरी वाजली, तेव्हा ‘धनी आणि शूर असतील त्यांनी जमावे’ असे म्हणून लोक घरीच राहिले. अर्थशास्त्राच्या 11व्या अधिकरणातही संघांविरुद्ध भेद हाच मुख्य उपाय सांगितला आहे.

येथे एक गोष्ट विसरता येत नाही. गणाच्या सभेत क्षत्रिय कुलांनाच स्थान होते; दास-कर्मकर तिच्या बाहेर होते. ज्यांच्या श्रमावर वैशाली उभी होती, त्यांना तिच्या रक्षणाचा अधिकारही नव्हता आणि कारणही नव्हते. उच्चनीचतेची जी भिंत वस्सकाराने लिच्छवींमध्ये उभी केली, ती त्यांनी इतरांभोवती आधीच बांधली होती.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्राचीन गणराज्यांचे स्मरण केले आणि सामाजिक लोकशाहीवाचून राजकीय लोकशाही टिकणार नाही, असा इशाराही त्याच भाषणात दिला. शस्त्रे युगायुगाला बदलतील. भेरी वाजल्यावर कोण बाहेर पडेल, हे मात्र सभेत कोणाला स्थान होते, यावरच ठरेल, असे आम्हांस वाटते.