पाट्या वर!

जुन्या पंतोजींच्या शाळेत पाढे मोठ्याने म्हणायचे. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, सगळा वर्ग एका सुरात. या परवच्याने अपूर्णांकांचे हिशोब पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवले, हे त्याचं मोठंच काम. पण घोषात कोण नुसते ओठ हलवतोय ते कळत नाही. कळून घ्यायचं तर एकेकाला उभं करायचं, आणि एक उभा राहिला की बाकीचे सुटले. सगळ्यांनी एकाच क्षणी, पण प्रत्येकाने आपापलं उत्तर द्यायचं, हे पाटीने जमवलं. म्हणून वर्गातल्या क्लिकरची, म्हणजे बटण दाबून उत्तर द्यायच्या यंत्राची, गोष्ट मी पाटीपासून सांगते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एग्मोरमध्ये अनाथ मुलांची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी मलबारी शाळेतली मुलं वाळूत बोटाने अक्षरं काढताना पाहिली आणि ती रीत उचलली. आपली धूळपाटी ती हीच. पुढे लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनी 1798 साली शाळा काढली. तिथे एक मास्तर मोठ्या मुलांना हाताशी धरून शेकडो पोरं शिकवी. इतक्या मुलांना ओरडून सांगणं शक्य नव्हतं, म्हणून खुणांचा एक फलक उंचावर लावलेला असे. त्यावर 'पाट्या दाखवा' या हुकमाची अक्षरं आली की सगळ्या पाट्या एकदम समोर धरल्या जात. शिकवण्याची रीत सुधारण्याचा विचार मुंबईतही सुरू झाला. इथे 1822 साली शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी संस्था निघाली. तीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाली. गिरगावचे नाना शंकरशेट तिच्या आघाडीच्या कार्यकर्त्यांपैकी. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या 1824 च्या शिक्षणविषयक टिपणातही देशी शाळांतली शिकवण्याची रीत सुधारा, हे आधी येतं.

मुंबईतल्या आमच्या परळ भागात एकाच वेळी अनेक मुलांकडून उत्तर घेण्याची ही गरज तातडीची झाली ती 1925 मध्ये. महापालिकेने सक्तीचं प्राथमिक शिक्षण पहिल्यांदा एफ आणि जी वॉर्डांत लागू केलं. एफ म्हणजे परळ, नायगाव, शिवडी. गिरणी कामगारांची मुलं चाळींतून वर्गात आली आणि वर्ग भरून गेले. मी भोईवाडा-हिंदमाता परिसरात शिकवायला लागले तेव्हाही तोंडी हिशोबाला पाटीच होती. गणित एकदाच सांगायचं. उत्तर लिहून पाटी मांडीवर उपडी ठेवायची. 'पाट्या वर' म्हटलं की सगळ्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर धरायची. शेजाऱ्याचं बघून खोडायला वेळ मिळत नसे. फळ्यापाशी उभं राहून मला एका नजरेत दिसे की वर्ग हातच्यावर अडलाय की शून्यावर. कधीही तोंड न उघडणाऱ्या मुलीचं उत्तरही तितक्याच उंचीवर असे.

मग पाटी गेली, वही आली, आणि उत्तरं वहीत बंद झाली. माझ्या मते प्राथमिक शाळेचं हे मोठं नुकसान आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं गेलं. वही तपासून होईपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. तोवर चूक मुरलेली असते.

पुढे मी रात्रशाळेतही शिकवलं, तिथे हे जास्त जाणवलं. कामगार नेते ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगपासून परळ-लालबागला रात्रीच्या वर्गांची परंपरा आहे. तिथला विद्यार्थी दिवसभर राबून येतो. बरोबरीच्यांसमोर उत्तर चुकण्याची त्याला फार लाज वाटते. 'समजलं का?' विचारलं की 'हो बाई' ठरलेलं. मी त्यांना बोटांनी उत्तर द्यायला लावायची, पर्याय दुसरा असेल तर छातीशी दोन बोटं, शेजाऱ्याला दिसणार नाहीत अशी.

क्लिकर करतो ते याहून वेगळं नाही. हातातल्या छोट्या यंत्राचं बटण दाबायचं, कोणत्या पर्यायाला किती मतं पडली ते पडद्यावर उभ्या पट्ट्यांत दिसतं. अमेरिकेत स्टॅनफर्डला 1966 मध्येच अशी बटणं सभागृहाच्या खुर्च्यांना बसवली होती. 1991 पासून हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी त्याला खरा अर्थ दिला. प्रश्न विचारायचा, मतं घ्यायची, मग मुलांना एकमेकांना पटवू द्यायचं आणि पुन्हा मतं घ्यायची. त्यांनीही सुरुवात हात वर करायला सांगूनच केली होती. आपल्याकडे घरोघरी ही कल्पना पोचली 2000 साली, 'कौन बनेगा करोडपती'च्या प्रेक्षकांच्या कौलातून. पवईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक यांच्या गटाने आकाश या स्वस्त टॅबसाठी क्लिकरचं अ‍ॅप केलं. 2015 मध्ये महापालिकेच्या आठवीच्या मुलांच्या हातात टॅब आले.

रात्रशाळेला यातलं काही परवडणारं नव्हतं. मला उपयोगी पडली प्लिकर्सची कागदी कार्डं. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी चौकटीदार आकृती, चार बाजूंना ए, बी, सी, डी. आपला पर्याय वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. अक्षरं इतकी बारीक की शेजाऱ्याला वाचता येत नाहीत. बाईंनी आपला मोबाइल वर्गावरून फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते लगेच कळतं. यंत्र एकच, तेही बाईंकडे. झेरॉक्स काढून पुठ्ठ्यावर चिकटवली की काम झालं. जुलैत पावसाने हिंदमाताला पाणी भरायचं, तेव्हा हजेरी अर्ध्यावर येई. ही कार्डं शिकवायला ते दिवस फार बरे पडले.

एकदा शेकडेवारीला प्रश्न घेतला: 500 रुपयांच्या साडीवर आधी 20 टक्के सूट, उरलेल्या किमतीवर आणखी 10 टक्के. एकूण सूट किती टक्के? बहुतेक कार्डं '30' वर. '28' वर मोजकी, आणि त्यात एक मागच्या बाकावरच्या मुलाचं. दिवसा तो हिंदमाताच्या साडीच्या दुकानात घड्या घालायचा आणि वर्गात कधी हात वर करायचा नाही. बरोबर उत्तर मी सांगितलं नाही. आपापसात बोला म्हटलं. तो पुढच्या दोघांकडे वाकून सांगू लागला, "अरे, दुसरी सूट 400 वर लागते, 500 वर नाही. गिऱ्हाईक 360 देतं. रोज बिल करतो मी." त्या बाकावरून ते पुढे सरकत गेलं. दुसऱ्यांदा मोबाइल फिरवला तेव्हा '30' वर दोनच कार्डं होती. त्या दोघांना मी फळ्यापाशी घेतलं आणि बाकीच्यांना पुढचं गणित दिलं.