मत घडतं कुठं?

आष्ट्याच्या शाळेत सकाळची प्रार्थना संपली की एक मुलगा पुढं यायचा, हात समोर धरायचा आणि प्रतिज्ञा सांगायचा. आम्ही त्याच्यामागून म्हणायचो. तिच्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ आम्हाला कळत नव्हता, पण ती पाठ होती. पैडिमर्री वेंकट सुब्बा राव यांनी ती १९६२ साली तेलुगूत लिहिली, हे मला फार उशिरा समजलं. अमेरिकेतली मुलंही अशीच, छातीवर हात ठेवून, झेंड्यासमोर उभी राहतात. त्यांची प्रतिज्ञा फ्रान्सिस बेलामी यांनी १८९२ साली लिहिली. देवाचा उल्लेख तिच्यात नव्हता. रशियाशी शीतयुद्ध पेटलेलं असताना, १९५४ साली तो घातला गेला. म्हणजे दूर मॉस्कोशी असलेलं भांडण शाळकरी पोरांच्या तोंडी उतरलं.

माणूस मत देतो ते मतदानाच्या दिवशी; पण ते मत तयार होतं कधी? मिशिगन विद्यापीठातल्या चार अभ्यासकांनी १९६० साली अमेरिकी मतदारावर एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यांना दिसलं ते असं की, बहुतेकांची पक्षनिष्ठा घरातून येते आणि सहसा बदलत नाही. बाप ज्या पक्षाचा, त्याच पक्षाचा बहुधा मुलगा. आपल्याकडे घराण्याचा देव असतो, तसंच हे.

पण घर म्हणजे केवळ आईबाप नव्हेत. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्या मुलांना ‘काळ्या मुलाशेजारी बसू नको’ असं सांगायची गरजच पडत नसे, कारण शाळाच वेगळ्या होत्या. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अशा वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. तरीही १९५७ साली लिटल रॉक गावात नऊ काळ्या मुलांना शाळेत पोचवायला लष्कर पाठवावं लागलं. कायदा एका दिवसात बदलला, पण गावाचं मन बदललं नव्हतं.

अमेरिकेचं आणि आपलं नातं इथं वेगळंच जुळतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, कारण त्यांनी गुलामांना मुक्त केलं होतं. त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुढं जवळजवळ शंभर वर्षांनी त्याच अमेरिकेतून गेल ऑम्वेट नावाची तरुणी आली. या सत्यशोधकी चळवळीवर तिनं प्रबंध लिहिला आणि ती आमच्या वाळवे तालुक्यातल्या कासेगावची सून होऊन राहिली. प्रतिसरकारच्या चळवळीत उतरलेल्या इंदूताई पाटणकर या तिच्या सासूबाई. २०२१ साली गेलबाई कासेगावातच वारल्या. हजारो मैलांवरून आलेल्या बाईला या मातीत काय दिसलं असेल, हा प्रश्न मला अनेकदा पडतो. मला वाटतं, माणसांची मतं कशी घडतात हे तिला इथं जवळून पाहता आलं.

कारण १९४२ साली सातारा जिल्हा पेटला तो काही ८ ऑगस्टच्या एका घोषणेनं नव्हे. (तेव्हा आजचा सांगली जिल्हा बराचसा साताऱ्यातच होता.) सरपण आधीच रचून झालं होतं. गावोगाव सत्यशोधक जलसे फिरत. घाट तमाशाचाच, ढोलकी तीच, तुणतुणंही तेच. पण गणात वंदन निर्मिकाला आणि वगात सावकार, कुलकर्णी, भटजी. ज्याला अक्षर येत नव्हतं त्याला सावकाराच्या वहीतली लबाडी हसता हसता कळायची. पंचांसमोर जे बोलायची छाती होत नसे, ते सोंगाड्या सगळ्या गावासमोर बोलून टाकी. भटजीवाचून लग्नं लागू लागली. ऑक्टोबर १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काल्यात सत्यशोधकांच्याच परिषदेत भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची, आमच्या समाजाचीही, पोरं एका पंगतीला जेवत. एका पंगतीत वर्षभर जेवलेल्या पोराला समतेवर व्याख्यान द्यावं लागत नाही.

म्हणून तर तलाठ्याची नोकरी सोडून आलेले नाना पाटील गावरान भाषेत बोलू लागले तेव्हा लोकांना ते नवं वाटलं नाही. १० सप्टेंबर १९४२ रोजी इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला, माणसं पडली. त्यानंतर उभं राहिलं ते प्रतिसरकार. त्यानं न्यायदान मंडळं नेमली, दारू बंद केली, हारांवर भागणारी गांधी लग्नं लावली. सत्यशोधकी लग्न ज्या गावानं पाहिलं होतं, त्याला गांधी लग्नात अडचण कसली? सगळंच गोड होतं असं मात्र नाही. दरोडेखोर आणि खबरे यांच्या तळपायांवर काठ्या बसत. घोड्याला पत्री मारावी तशी ही शिक्षा, म्हणून ‘पत्री सरकार’. त्या धाकानंही काही दारं उघडली असतील. ते नाकारण्यात अर्थ नाही.

माझ्या नानीचं माहेर कृष्णाकाठचं. ती एक दिवसही शाळेत गेली नव्हती. रात्री भूमिगत माणसं यायची, भाकरी-कालवण बांधून दिलं जायचं. घरातल्या पोरांना एकच शिकवण: आलेल्याचं नाव विचारायचं नाही आणि पोलिसांनी विचारलं तर माहीत नाही म्हणायचं. मी कॉलेजात असताना, पुस्तकं वाचून आलेल्या आगाऊपणानं, तिला विचारलं, “नानी, तुमचा स्वातंत्र्यावर विश्वास होता म्हणून तुम्ही हे केलंत का?” ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, “गावच तसं होतं रे बाबा.” राज्यशास्त्रवाले राजकीय संस्कृती म्हणतात ती बहुधा हीच.

आता गाव कसं आहे? परवा माझ्या पुतण्यानं मला मोबाइलवर आलेला एक मजकूर दाखवला. इतिहासाच्या नावावर धडधडीत खोटं होतं. कुणी लिहिलं विचारलं, तर त्याला सांगता येईना. दहा जणांनी पाठवलंय, म्हणाला. जलशातला शाहीर खोटं बोलला असता तर लोकांनी त्याला तिथंच अडवलं असतं. पुढच्या साली त्याच गावात त्याला पुन्हा उभं राहायचं असायचं. या मजकुराला तोंडच नाही. पुतण्याशी मी तासभर वाद घातला. तो ऐकून घेत होता, पण शेवटी म्हणाला, “काका, तुमचं तुमच्यापाशी.” त्याचा राग आला नाही, भीती वाटली.

नानीनं पहिलं मत दिलं ते १९५२ साली. बैलगाडीतून साऱ्या बायका मिळून गेल्या होत्या, हे ती रंगवून सांगायची. मत कुणाला दिलं, हे मात्र तिनं नानांना सांगितलं नाही, की पुढं आम्हालाही नाही. फार मागं लागलं की हसायची आणि म्हणायची, “नाव सांगायचं नसतं.”