‘साठी बुद्धी नाठी’ : एका आजाराचा इतिहास आणि मोखाड्यातला साक्षीदार

मोखाड्याच्या पाड्यावर काय आणि मुंबईच्या टॉवरमध्ये काय, एक निदान अगदी सारखं होतं : "म्हातारी चळली." दोन शब्दांत विषय संपला. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण शाळेतच पाठ करतो, त्यामुळे पुढे कुणी प्रश्नही विचारत नाही. या म्हणीला मी अडाणी म्हणणार नाही. कारण जगातले मोठमोठे डॉक्टरही १९६०च्या दशकापर्यंत जवळजवळ हेच म्हणत होते.

गोष्ट सुरू होते नोव्हेंबर १९०१ मध्ये, जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात. (ठाण्याचं मनोरुग्णालयही १९०१ चंच. तेव्हा जव्हारला मुकणे राजांचं संस्थान होतं. ‘ठाण्याला पाठवा’ ही आपली थट्टा त्या इमारतीमुळे आली.) ऑगस्टं डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाईला तिथे दाखल केलं. डॉक्टरचं नाव अलॉइस अल्झायमर. त्याने तिला विचारलं, नाव काय? ऑगस्टं. नवऱ्याचं नाव? ऑगस्टंच. ताटात मांस आणि फुलकोबी होती. काय खाता, विचारलं तर म्हणाली, पालक. स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर मध्येच अडकली.

हे प्रश्नोत्तर प्रसिद्ध आहे. मला मात्र त्या केसपेपरातला दुसरा माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो : तिचा नवरा कार्ल, रेल्वेतला कारकून. बायको आधी विनाकारण संशय घ्यायला लागली, मग स्वयंपाकात चुका करायला लागली, घरात वस्तू कुठेही लपवून ठेवायला लागली, हे सगळं सांगितलं त्याने. काल काय होतं आणि आज काय बदललं, हे रोज सोबत राहणारं माणूसच सांगू शकतं.

एप्रिल १९०६ मध्ये ती वारली. तोवर अल्झायमर म्युनिकला गेला होता, तिचा मेंदू तिकडे मागवून घेतला. चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर पेशींच्या बाहेर साचलेले डाग दिसले आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते. डाग अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे, गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे, हे कळायला पुढची अनेक दशकं गेली. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या सभेत त्याने हे मांडलं. सभेत कुणी एक प्रश्नही विचारला नाही.

१९१० मध्ये क्रेपेलिनने पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं आणि तिथेच एक घोळ झाला. ऑगस्टं पन्नाशीतली होती, म्हणून हा ‘अकाली’ येणारा, दुर्मीळ आजार ठरला. सत्तर-ऐंशीच्या माणसाला तेच झालं तर? ते म्हातारपण! म्हणजे साठी बुद्धी नाठीच, फक्त लॅटिनमध्ये. १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या ब्लेसेड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी दाखवलं, की स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या मेंदूतही तेच डाग, तेच गुंते असतात. १९७६ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठणकावून लिहिलं, की हे दोन वेगळे आजार नाहीत. तेव्हापासून म्हातारपण वेगळं आणि आजार वेगळा.

आता निदानाकडे. १९७५ मध्ये फोलस्टाइन पतिपत्नी आणि त्यांच्या सहकाऱ्याने तीस गुणांची एक छोटी चाचणी काढली, ती जगभर पसरली. आज तारीख काय, साल कोणतं, शंभरातून सात वजा करत जा, हे वाक्य वाचा, एक वाक्य लिहा, ही आकृती काढा. आता ही चाचणी मोखाड्यातल्या एखाद्या वारली किंवा कोकणा आजीला द्या. शाळेचं तोंड न पाहिलेली, पण राब कधी भाजायचा, नागलीची आवणी कधी करायची, रानातली कुठली भाजी कुठल्या पावसाला येते, हे सगळं डोक्यात. ती नापास होणार. आणि उलटं, शिकलेला माणूस आजार सुरू होऊनही बरेच दिवस पास होत राहील.

हा पेच आपल्याच देशात सोडवला गेला, हरियाणातल्या बल्लभगढमध्ये. तिथल्या खेड्यांत भारतीय आणि अमेरिकन संशोधकांनी निरक्षर वृद्धांसाठी चाचणी नव्याने बांधली, १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ‘डोळे मिटा’ हे वाचायला लावण्याऐवजी, मी करतो तसं करा. वाक्य लिहिण्याऐवजी, तुमच्या घराबद्दल काही सांगा. त्याच कामातून घरच्यांना विचारायची वेगळी प्रश्नावलीही आली : जेवल्याचं विसरतात का, गावातच वाट चुकतात का, घरच्या महत्त्वाच्या गोष्टीत मत देतात का. मला तरी हे काम फ्रँकफुर्टइतकंच मोठं वाटतं.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा, की साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. प्रमाण बायकांत जास्त आणि खेड्यांत जास्त. ‘हा शहरी, श्रीमंतांचा आजार’ हे डोक्यातून काढायला एवढं पुरे. सगळा स्मृतिभ्रंश अल्झायमर नसतो. अल्झायमर हे त्याचं सर्वांत मोठं कारण. बारीक-सारीक पक्षाघातांनीही होतो. आणि काही वेळा तो स्मृतिभ्रंश नसतोच : थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, औदासीन्य, दारू, पडल्यावर मेंदूभोवती साचलेलं रक्त. दोन-चार दिवसांत अचानक बडबड सुरू झाली तर आधी ताप, जंतुसंसर्ग बघायचा. यातलं पुष्कळसं बरं होतं, आणि त्यासाठी कोट्यवधींचं यंत्र लागत नाही. रक्ततपासणी, रक्तदाब आणि नीट विचारलेले प्रश्न, इथून सुरुवात होते. सीटी स्कॅन, एमआरआय त्यानंतर.

औषधांबद्दल थोडक्यात. १९९६ पासून मिळणारी डोनेपेझिलची गोळी काहींना थोडा काळ आधार देते, आजार थांबवत नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेलं लेकानेमॅब अमायलॉइड काढतं. चाचणीत दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. पण ते फक्त सुरुवातीच्या टप्प्यात, दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यायचं, वारंवार एमआरआय करून, कारण मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका. मोखाड्याहून हे कोण करणार? त्यापेक्षा कानाचं यंत्र, मोतीबिंदूचं ऑपरेशन, रक्तदाबाची गोळी यांवर भर द्यावा असं माझं मत. बहिरेपण, दृष्टिदोष, रक्तदाब, एकटेपणा हे सगळे २०२४ च्या लॅन्सेट आयोगाच्या १४ धोक्यांच्या यादीत आहेत.

आणि आता कार्लकडे परत. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहेच : जवळच्या माणसांची नावं किंवा घराचा पत्ता विसरता का? प्रश्न चांगला, पण विचारायचा कुणाला? विसरणाऱ्यालाच! जी विसरते ती म्हणणार, नाही बाई. शेजारी मुलगा किंवा सून हवी. आणि मोखाडा-जव्हारात दिवाळीनंतर सून कुठे असते? भिवंडी-वसईकडे, वीटभट्टीवर. घरी म्हातारी, कधी सोबत एखादं नातवंड. होळीला माणसं येतात, सण करतात आणि अनेकदा परत जातात. आजाराचे पहिले महिने, ज्यांत काही करता येतं, ते बघायला घरात माणूसच नसतं. कुपोषणाच्या संदर्भात या स्थलांतरावर आपण वावर-वांगणीपासून बोलतो आहोत, आणि ते बरोबरच आहे. म्हाताऱ्यांचा हिशेब मात्र त्यात कुणी धरत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. आपल्याकडे तेव्हा आवणी उरकलेली असते, भात-नागली उभी असते आणि माणसं घरी असतात. त्या पंधरवड्यात आशाताईंनी साठीपुढच्यांचा तो एक प्रश्न म्हातारीला न विचारता सुनेला विचारावा, आणि ‘हो’ आलं की मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात रक्ततपासणीला पाठवावं. फोनला रेंज असेल तिथून १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. पण फोन करताना किंवा दवाखान्यात जाताना, रोज सोबत राहणारं माणूस बरोबर हवं. भट्टीचा मुकादम दिवाळीच्या आधीच उचल देऊन जातो, त्यामुळे ऑक्टोबरवर ढकललं तर उशीर होईल.