पात्यावरचे नाव कोणाचे?

जुने चाकू जमविणारा माणूस चाकू उघडतो तेव्हा आधी धार पाहत नाही. पात्याच्या बुडाशी ठोकलेला शिक्का पाहतो. मीही तेच करीत आलो. गेल्या वर्षी मुंबईच्या चोर बाजारात माझ्यापुढे दोन घडीचे चाकू होते. दोन्ही इंग्लंडमधील शेफिल्डचे, दोन्ही हाताने घडविलेले. एकावर जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कंपनीची चांदणी आणि माल्टीज क्रूस, शेजारी मुकुटासह व्ही. आर. ही अक्षरे, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या, १९०१ पूर्वीच्या काळातला. मूठ सांबरशिंगाची, पाते कोरे. दुसऱ्यावर फक्त 'शेफिल्ड' एवढेच वाचता येत होते आणि पाते दगडावर घासून घासून अर्धे उरले होते. पहिल्याची किंमत कितीतरी पट जास्त होती.

संग्राहकांचे शास्त्र याबाबत स्पष्ट आहे. पाते पूर्ण हवे, मिटल्यावर ते मधोमध बसले पाहिजे, उघडमीट करताना स्प्रिंगचा कडक आवाज यावा, खिळे मुठीशी सपाट असावेत आणि शिक्का अस्सल असावा. या शेवटच्या अटीपाशी मी अडलो. अस्सल शिक्का म्हणजे कोणाचा?

शेफिल्डच्या चाकूचा उल्लेख चौदाव्या शतकात चॉसरच्या काव्यात आलेला आहे. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने तेथील कारागिरांची कंपनी स्थापन झाली आणि कारागिरांच्या खुणा तिच्याकडे नोंदल्या जाऊ लागल्या. खूण मुळात कारागिराची होती. एकोणिसाव्या शतकापर्यंत मोठ्या मालाच्या बाबतीत ती पेढीची झाली. पाते एकजण घडवी, दुसरा ते चाकावर घासी, तिसरा मूठ बसवून चाकू जुळवी. यांतले अनेकजण भाड्याच्या खोलीत, स्वतःच्या हत्यारांनी, नगावर मजुरी घेऊन राबत. त्यांना 'लिटल मेस्टर', म्हणजे छोटे उस्ताद, म्हणत. मोठेपणा मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही. पात्यावर नाव पेढीचे, आणि पात्याला हात लागलेल्या तिघांपैकी एकाचेही नाही.

या तिघांत सर्वांत वाईट वाटा घासणाऱ्याचा. त्याला आपल्याकडे शिकलगार म्हणतात. तो वालुकाश्माच्या फिरत्या चाकावर वाकून बसे. दगडाची आणि पोलादाची धूळ नाकातोंडातून फुफ्फुसात जाई. एंगल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात शेफिल्डच्या डॉ. नाइट यांचा दाखला दिला आहे: कोरडे घासणारे सरासरी जेमतेम पस्तीस वर्षे जगत, ओले घासणारे क्वचितच पंचेचाळीस ओलांडत. धूळ ओढून नेणारी यंत्रणा निघाली होती. पण काही ठिकाणी कामगारांनीच ती मोडली. धंदा कमी जीवघेणा झाला तर माणसे वाढतील आणि मजुरी उतरेल, ही भीती. आपले मरण हेच ज्याच्या मजुरीचे तारण, त्याच्या कोंडीची कल्पना आपल्या वाचकांना वेगळी करून द्यायला नको.

तरीही घाईने तुलना करू नये. शेफिल्डच्या शिकलगाराच्या फुफ्फुसात धूळ गेली, पण त्याच्या अंगाला विटाळ चिकटला नाही. त्याने संघटना केल्या. त्यांतून १८६६ चा स्फोटही घडला. १८६७ मध्ये सरकारी चौकशी झाली. १८७१ च्या कायद्याने कामगार संघटनांना मान्यता मिळाली. तो किती वर्षे जगतो हे डॉक्टरांनी मोजले, लिहिले, छापले. माझे आजोबा रापीने कातडे कापीत गेले. ते कोणत्या वयात गेले हे आमच्या घरातही कोणाला नक्की सांगता येत नाही. इतिहास नसणे म्हणजे काय, हे मी पदवीच्या पुस्तकांतून शिकलो नाही. या एका न लिहिलेल्या आकड्यातून शिकलो.

आणि मूठ? शेफिल्डच्या चाकूंना लागणारे सांबरशिंग आपल्याच देशातून जात असे. गेल्या शतकाच्या अखेरीस भारताने त्याची निर्यात थांबविली. संग्राहकांच्या याद्यांत सांबराचे नाव असते; जंगलात फिरून ते शिंग वेचणाऱ्याचे नसते.

दुकानात उभा असताना माझे मन झिजलेल्या चाकूकडे ओढले जात होते. त्यात मला आजोबांची रापी दिसत होती. पण दोन्ही पाती उजेडात तिरकी धरली तेव्हा ध्यानात आले की झिजलेल्या पात्यावर त्याच्या मालकाचाच हात उरला आहे. शिकलगाराचे काम त्याने घासून पुसून टाकले आहे. कोऱ्या पात्यावर मात्र चाकाच्या बारीक आडव्या रेषा जशाच्या तशा होत्या. शिक्का पेढीचा, पण त्या रेषा माणसाच्या. त्याची सही म्हणून एवढेच शिल्लक आहे. मी घासाघीस करून रॉजर्सचा चाकू घेतला.

स्टॅन शॉ (१९२६–२०२१) हे शेफिल्डचे नावाजलेले छोटे उस्ताद. अनेक वर्षे दुसऱ्यांच्या पेढ्यांसाठी राबून पुढे त्यांनी स्वतंत्र काम केले, आणि त्यांचे चाकू लोक त्यांच्याच नावाने मागू लागले. तोवर त्या गावातला हा धंदा जवळजवळ संपला होता.

माझ्या नोंदवहीत मी शिक्क्याचा रकाना ठेवला आहे, तो काळ ठरवायला लागतो. त्याच्याखाली चार रकाने नवे आखले: पाते घडविणारा, घासणारा, मूठ बसविणारा, शिंग वेचणारा. चारही ठिकाणी 'नाव लिहिले गेले नाही' असे लिहिले. 'अज्ञात' हा शब्द मुद्दाम टाळला. ही माणसे अज्ञात नव्हती. त्यांना ओळखणारे होते, लिहिणारे नव्हते.

पुढच्या पानावर आजोबांच्या रापीची नोंद आहे. तिथे शिक्क्याचा रकाना रिकामा आहे, आणि वापरणाऱ्याचे नाव पूर्ण लिहिले आहे.